पेशी भरपूर, तरी प्रतिकार बंद: उंदरांच्या एड्समधला संदेशांचा घोळ

एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रावर नियमित जाणाऱ्या बहुतेकांना आपला सीडी४ काउंट, म्हणजे रक्तातल्या सीडी४ या प्रतिकारपेशींची (टी पेशींच्या एका प्रकाराची) संख्या, तोंडपाठ असतो. पाचशेच्या वर असला की हायसं वाटतं, दोनशेच्या खाली गेला की डॉक्टरांचा चेहरा गंभीर होतो. त्यामुळे प्रतिकारशक्ती म्हणजे पेशींची संख्या, असं समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. एचआयव्हीपुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण उंदरांना होणारा एक आजार असा आहे की त्यात सीडी४ पेशींचा दुष्काळ पडत नाही. उलट पानथरी फुगत जाते, लसिका ग्रंथींच्या गाठी हाताला लागतील इतक्या मोठ्या होतात, रक्तात अँटीबॉडींचा पूर येतो. आणि एवढं सगळं असताना तो उंदीर किरकोळ जंतूंपुढेही टिकत नाही. पेशी आहेत, पण त्यांच्यापर्यंत आलेला निरोप आत पोचत नाही.

या आजाराला प्रयोगशाळेत 'मेड्स' म्हणतात, म्हणजे म्युरीन एड्स. नांदेड, लातूर, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगरला सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायनशास्त्र, पशुवैद्यक शिकणाऱ्यांना इम्युनॉलॉजीच्या पेपरात टी पेशीचा संदेशमार्ग भेटतो तो बाणांची आकृती म्हणून. आकृती पाठ होते, मार्क पडतात. त्यातला एखादा बाण अडला तर अख्ख्या जनावराचं काय होतं, ते मात्र आकृतीत नसतं. मेड्समध्ये ते दिसतं.

विषाणू एक नाही, दोन

१९६२ मध्ये फ्रान्समधल्या लातार्जे आणि द्युप्लाँ यांनी किरणोत्सर्गामुळे ल्युकेमिया झालेल्या काळ्या उंदरांतून एक विषाणू वेगळा काढला. बरीच वर्षं तो रक्ताच्या कर्करोगाचा विषाणू म्हणूनच ओळखला गेला. १९८५ मध्ये मोझिअर, येटर आणि मोर्स यांनी दाखवलं की त्याच घराण्यातलं 'एलपी-बीएम५' नावाचं मिश्रण सी५७ ब्लॅक-६ जातीच्या प्रौढ उंदरांना टोचलं, तर गाठी वाढतात आणि सोबतच प्रतिकारशक्ती पार ढासळते. एचआयव्हीचा शोध नुकताच लागला होता, त्यामुळे या उंदरांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं.

मिश्रणात मुख्यतः दोन विषाणू महत्त्वाचे. एक धडधाकट आहे, स्वतःच्या प्रती स्वतः काढतो. दुसरा अपंग. धडधाकट विषाणूचा जनुकसंच सव्वाआठ हजार अक्षरांच्या आसपास असतो, अपंगाचा पाच हजारांच्याही खाली. त्याच्यात प्रत काढायला लागणारी एन्झाइमं नाहीत, बाहेरचं आवरण घडवणारं प्रथिनही धड नाही. पहिल्याच्या पाठीवर बसून तो पेशीत शिरतो. साहजिकच सगळ्यांचा संशय धडधाकटावर होता, आणि तो चुकीचा निघाला. १९८९ मध्ये माँट्रियलच्या जोलिकर यांच्या गटाने आणि अमेरिकेतल्या गटानेही रोगाचं मूळ अपंग विषाणूत असल्याचं दाखवलं. जोलिकर यांच्या गटाने पुढे मदतनीस, म्हणजे धडधाकट, विषाणू पूर्ण काढून टाकून फक्त अपंग विषाणू टोचला, तरी आजार झाला.

म्हणजे विषाणूची संख्या वाढणं हे इथलं मुख्य दुखणं नाही. त्या अपंग विषाणूला येऊन जाऊन एकच प्रथिन बनवता येतं, गॅग. नेहमीच्या विषाणूत गॅग तयार झालं की त्याचे चार तुकडे होतात आणि त्यांपासून विषाणूचा गाभा बांधला जातो. इथलं गॅग, सुमारे ६० किलोडाल्टनचं, अखंडच राहतं. त्याच्या टोकाला मायरिस्टिक आम्लाची शेपटी असते. त्या शेपटीने ते पेशीच्या पटलाला आतल्या बाजूने चिकटून बसतं. पेशीचे निरोप जिथून आत येतात, नेमकी तीच ही जागा. एबल नावाच्या संदेशवाहक कायनेजशी (कायनेज म्हणजे फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम) ते जोडलं जातं, हेही दाखवलं गेलं आहे.

माणसाला यापासून धोका नाही. हा विषाणू उंदराच्या पेशीवरच्या ज्या प्रथिनातून आत शिरतो, ते माणसात थोड्या वेगळ्या घडणीचं आहे आणि विषाणूला ते धरता येत नाही. उलट बाजूने एचआयव्हीलाही उंदराचा सीडी४ चालत नाही. म्हणून मेड्स ही एचआयव्हीची नक्कल समजू नये. विषाणूचा वंश वेगळा, शिरण्याचं दार वेगळं, राहण्याची पेशीही वेगळी: एचआयव्ही सीडी४ टी पेशीत शिरतो, मेड्सचा विषाणू प्रामुख्याने बी पेशीत, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशीत.

बी आणि टी यांचं एकमेकांना चिथावणं

विषाणू बी पेशीत, मग निकामी टी पेशी का होते? ज्या उंदरांत बी पेशी नाहीत त्यांना मेड्स होत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण ज्यांच्या सीडी४ टी पेशी अँटीबॉडी देऊन आधीच काढून टाकल्या, त्यांनाही तो होत नाही. येटर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्येच हे दाखवलं. आजाराला दोन्ही पेशी लागतात.

दोघींमधला मुख्य दुवा म्हणजे सीडी४०. हा ग्राहक, म्हणजे निरोप झेलणारं प्रथिन, बी पेशीवर असतो. टी पेशी जागी झाली की तिच्यावर सीडी४० लिगँड नावाचं प्रथिन उगवतं, ते जाऊन सीडी४० ला भिडतं आणि बी पेशीला 'वाढ, अँटीबॉडी बनव' असा हुकूम मिळतो. साध्या जंतुसंसर्गात ही देवाणघेवाण काही दिवस चालते आणि थांबते. मेड्समध्ये संसर्ग झालेली बी पेशी टी पेशीला चिथावत राहते, टी पेशी तिला परत हुकूम देत राहते. त्यातून पानथरी फुगते, निरनिराळ्या बी पेशी सरसकट जाग्या होतात आणि कुठल्याच विशिष्ट जंतूवर न चालणाऱ्या अँटीबॉडींचा ढीग साचतो. सीडी४० लिगँडला अडवणारी अँटीबॉडी दिली की पानथरीची वाढ, अँटीबॉडींचा पूर आणि प्रतिकारशक्तीचा ऱ्हास, तिन्ही रोखले जातात. हे १९९६ मध्ये सिद्ध झालं. माझ्या मते मेड्सवरच्या कामात इतका स्वच्छ निष्कर्ष देणारे प्रयोग थोडेच आहेत.

टी पेशीच्या आत काय अडतं

टी पेशीला जंतूचा तुकडा दाखवला जातो तेव्हा पहिलं काम एलसीके नावाचं कायनेज करतं. ते ग्राहकाच्या आतल्या शेपट्यांवर, म्हणजे सीडी३ आणि झीटा साखळ्यांवर, फॉस्फेट चिकटवतं. त्या फॉस्फेटवर झॅप-७० येऊन बसतं आणि एलएटी नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट लावतं. तिथे फॉस्फोलायपेज सी-गॅमा जमतं आणि पटलातल्या एका मेदाचे दोन तुकडे करतं. एक तुकडा साठ्यातलं कॅल्शियम बाहेर काढतो. कॅल्शियममुळे कॅल्सिन्युरिन चालू होतं, ते एनफॅट या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला केंद्रकात धाडतं. दुसरा तुकडा पटलातच राहून प्रोटीन कायनेज सी आणि रास हे मार्ग उघडतो. शेवटी इंटरल्यूकिन-२ हे वाढीचा निरोप देणारं प्रथिन तयार होतं आणि पेशी दुभंगू लागते.

या साखळीत एलसीके पहिलं, म्हणून त्याच्यावर पहाराही कडक. त्याच्या ५०५ क्रमांकाच्या टायरोसिनवर फॉस्फेट असेल तर ते स्वतःभोवतीच दुमडून गप्प बसतं. हे फॉस्फेट चिकटवण्याचं काम सीएसके नावाचं कायनेज करतं, काढण्याचं काम सीडी४५. आता सीएसकेचं बळ कोण वाढवतं? सायक्लिक एएमपी, पेशीच्या आत निरोप नेणारा एक छोटा रेणू. पेशीत सायक्लिक एएमपी वाढलं की प्रोटीन कायनेज ए, म्हणजे पीकेए, चालू होतं. त्याचा पहिला प्रकार सीएसकेच्या ३६४ क्रमांकाच्या सेरिनवर फॉस्फेट लावतो आणि सीएसके दोन ते चार पट जोमाने काम करू लागतं. ऑस्लोच्या तास्केन यांच्या गटाने २००१ मध्ये ही कडी जुळवली. त्याच वर्षी त्यांनी आणि बेल्जियममधल्या लिएजच्या मुत्शेन यांच्या गटाने दाखवलं की मेड्स झालेल्या उंदरांच्या सीडी४ टी पेशींत आणि बी पेशींत सायक्लिक एएमपी निरोगी उंदरांपेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि पीकेएचा पहिला प्रकार सतत चालू असतो.

शेतातल्या मोटारीचा स्टार्टर ज्याने हाताळला आहे त्याला ही भानगड लगेच कळेल. डीपीवर लाईट आहे, वाइंडिंग चांगलं आहे, विहिरीत पाणी आहे, पण ओव्हरलोड रिले सारखा ट्रिप होतोय. रिले काही शत्रू नाही, मोटार जळू नये म्हणूनच तो बसवलेला असतो. सीएसकेही तसंच. निरोगी शरीरात टी पेशींनी उगाच पेटू नये म्हणून ते हवंच, आणि खरा निरोप आला की फॉस्फोडायएस्टरेज-४ तिथे येऊन सायक्लिक एएमपी मोडतं, म्हणजे वाट मोकळी होते. मेड्समध्ये सायक्लिक एएमपी इतकं साचलेलं असतं की वाट मोकळी होतच नाही. बिघाड रिलेच्या आधी की नंतर, हे ओळखायला वायरमन क्षणभर रिले वगळून मोटार थेट जोडून पाहतो. प्रयोगशाळेत हेच काम पीएमए आणि आयनोमायसिन ही जोडी करते. एक प्रोटीन कायनेज सी थेट चालू करतं, दुसरं कॅल्शियम थेट आत सोडतं, एलसीके वगैरे सगळं बाजूला. या जोडीने पेशी दुभंगल्या तर अडथळा वर, पटलाजवळ आहे. नाही दुभंगल्या तर खाली आणखी काहीतरी बिघडलं आहे.

आरपी-८-ब्रोमो-सीएएमपीएस हा पीकेएच्या पहिल्या प्रकाराला अडवणारा पदार्थ. आजारी उंदरांच्या टी पेशींवर बशीतच तो घातला तर त्यांचं दुभंगणं सुधारतं. यावरून दोन गोष्टी कळतात: पेशी मेलेल्या नाहीत, दाबलेल्या आहेत, आणि दाब निदान काही अंशी काढता येतो.

सायक्लिक एएमपी वाढवतं कोण

प्रोस्टाग्लँडिन ई-२. ताप आणि सांधेदुखीत ज्याच्यामुळे अंग ठणकतं, तेच हे. कॉक्स-२ नावाचं एन्झाइम ते बनवतं. पेशीबाहेर पडून ते शेजारच्या टी पेशीवरच्या ईपी-२ आणि ईपी-४ या ग्राहकांवर बसतं आणि आतलं अ‍ॅडेनिलिल सायक्लेज चालू करतं. म्हणजे सायक्लिक एएमपी आलंच. मेड्स झालेल्या उंदरांच्या लसिका ग्रंथींतल्या पेशी कॉक्स-२ च्या बळावर प्रोस्टाग्लँडिन ई-२ भरमसाट सोडतात, हे २००४ मध्ये त्याच दोन गटांनी मांडलं.

हा एकच दोषी मात्र नव्हे. वाढलेल्या पानथरीत मायलॉइड वंशाच्या काही दडपणाऱ्या पेशी गोळा होतात. त्या नायट्रिक ऑक्साइड सोडून आणि व्हिस्टा नावाच्या प्रथिनाच्या मदतीने टी आणि बी दोघींना दाबतात. सायटोकाइनांची, म्हणजे पेशी एकमेकींना धाडतात त्या निरोप्या प्रथिनांचीही, गडबड आहे. आजार पुढे सरकतो तसं इंटरल्यूकिन-२ आणि इंटरफेरॉन-गॅमा घटतात, इंटरल्यूकिन-४ आणि १० वाढतात, असं चित्र १९९२ मध्ये पुढे आलं. त्यावरून सगळं खापर इंटरल्यूकिन-४ वर फोडण्याची घाई झाली. १९९३ मध्ये 'इंटरल्यूकिन-४ नसलेल्या उंदरांना मेड्स होत नाही' असा निष्कर्ष छापून आला आणि १९९४ मध्ये दुसऱ्या गटाने त्याला हरकत घेतली. एक रेणू, एक दोष, अशी सरळ गोष्ट इथे चालत नाही. सुरुवातीलाच इंटरल्यूकिन-४ च्या उलट दिशेने ओढणारं इंटरल्यूकिन-१२ दिलं तर बराच बचाव होतो. त्यामुळे दिशा चुकली होती असं नाही, जोर चुकीच्या जागी होता.

मोजताना कुठे फसायला होतं

हा आजार अभ्यासायचा तर प्राण्यांच्या नीतिसमितीची आणि सीसीएसईएची (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीची) परवानगी आधी, बाकी सगळं नंतर. उंदीर सी५७ ब्लॅक-६ जातीचेच हवेत, चार ते सहा आठवड्यांचे. बॅल्ब-सी आणि ए-जे जाती दाद देत नाहीत, त्यांच्या सीडी८ पेशी संसर्ग झालेल्या पेशींना वेळीच मारतात. मग बॅल्ब-सीला टोचून 'विषाणूचा साठा खराब निघाला' म्हणण्यात अर्थ नाही. विषाणू पोटाच्या पोकळीत टोचतात, आणि मात्रा ठरवायला धडधाकट विषाणूने एक्ससी या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर पाडलेले ठिपके मोजतात. या मोजणीत एक खोच आहे: ठिपके मदतनीसाचे असतात, रोग अपंगामुळे होतो. साठा पेशींत पुन्हा पुन्हा वाढवत गेलो आणि अपंग विषाणू त्यातून गळाला, तर ठिपके भरपूर आणि आजार नाही, असं होतं. अपंगाचा गॅग जनुक पीसीआरने वेगळा तपासलाच पाहिजे.

मराठवाड्यात आणखी एक बाब: हवा. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो. उंदरांची खोली २२ अंशांच्या आसपास, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार अशी स्थिर लागते. दुपारी लाईट गेली आणि जनरेटर लागायला वेळ झाला की खोली तापते, उंदरांत ताणाचं कॉर्टिकोस्टेरॉन वाढतं, आणि त्यानेही टी पेशी मंदावतात. हा परिणाम विषाणूच्या खात्यात जमा होऊ नये म्हणून निरोगी उंदरांचा गट त्याच खोलीत, त्याच दिवसांत ठेवायचा. मागच्या हिवाळ्यातले आकडे तुलनेला वापरायचे नाहीत.

आठ ते दहा आठवड्यांनी पानथरी काढली की फरक डोळ्यांना दिसतो. निरोगी पानथरी ८० ते १०० मिलिग्रॅमची, आजारी त्याच्या कित्येक पट. ती ७० मायक्रॉनच्या जाळीतून घासून पेशी सुट्या करायच्या, अमोनियम क्लोराइडने तांबड्या पेशी फोडायच्या, मग ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येकी दोन लाख पेशी आणि टी पेशींना दुभंगायला लावणारं कॉन्कनाव्हॅलिन-ए, मिलिलिटरला दोन ते पाच मायक्रोग्रॅम. ७२ तासांनी दुभंगणं मोजायचं. आजारी पेशींचा आकडा हमखास पडतो. आणि सगळ्यात मोठी चूक नेमकी इथे होते.

समजा, निरोगी पानथरीत १० कोटी पेशी आहेत आणि २५ टक्के सीडी४, म्हणजे अडीच कोटी. आजारी पानथरीत ८० कोटी पेशी, पण बी पेशी फार वाढल्याने सीडी४ फक्त १० टक्के, म्हणजे ८ कोटी. एकूण संख्या तिपटीहून अधिक झाली. पण खळग्यात दोन लाख पेशी टाकल्या तर निरोगीत ५० हजार सीडी४ पडल्या आणि आजारीत २० हजार. प्रतिसाद निम्म्याहून कमी दिसणार, जरी एकेक पेशी ठणठणीत असली तरी. म्हणून चुंबकी मण्यांनी सीडी४ पेशी वेगळ्या काढून, समान संख्येने लावल्याशिवाय 'संदेश अडला' असं लिहू नये. मण्यांनी धरताना थाय-१ हा टी पेशींवरचा नेहमीचा मार्कर मात्र वापरू नका: मेड्समध्ये थाय-१ नसलेल्या सीडी४ पेशी वाढतात, आणि त्याच निसटतात.

सायक्लिक एएमपी काही सेकंदांत मोडतं. पेशी उचलल्यावर आयबीएमएक्ससारखा फॉस्फोडायएस्टरेज-रोधक आधीच हवा, आणि ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात पेशी लगेच फोडायच्या. बर्फाचा डबा शेजारच्या विभागातून आणेपर्यंत नमुना संपलेला असतो. प्रोस्टाग्लँडिनचं उलट आहे: पेशी हाताळताना ते नव्याने बनतं, म्हणून नमुना घेताच इंडोमेथासिन टाकतात. एलसीकेचं ५०५ फॉस्फेट वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) पाहायचं तर पेशी फोडायच्या द्रावणात, लायसिस बफरमध्ये, फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमांना रोखणारं सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट लागतं, तेही पीएच १० वर उकळून रंग जाईपर्यंत तयार केलेलं. पिवळसर व्हॅनाडेट टाकलं तर फॉस्फेट निघून जातं, पट्टी फिकट दिसते, आणि निष्कर्ष बरोबर उलटा निघतो.

मग दुखण्याची गोळी का देत नाहीत?

कॉक्स-२ दोषी, तर कॉक्स-२ रोखणाऱ्या गोळ्या मेडिकलमध्ये मिळतातच, हा प्रश्न कोणीही विचारेल. आजारी उंदरांना अशी औषधं दिल्यावर त्यांच्या टी पेशींचा प्रतिसाद सुधारला, हे खरं आहे. या गटातलं मेलोक्सिकॅम तर आपल्याकडच्या प्रत्येक पशुवैद्यकाच्या बॅगेत असतं. डायक्लोफेनॅकमुळे गिधाडं मरतात म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली आणि पर्याय म्हणून मेलोक्सिकॅम पुढे आलं. सेलेकॉक्सिबच्या एचआयव्हीबाधितांवर छोट्या चाचण्याही झाल्या, आणि प्रतिकारयंत्रणेची सततची धुमसती उत्तेजना काहीशी उतरली.

पण उंदरात अडथळा मुख्यतः संदेशाचा आहे, तर एचआयव्हीत विषाणू पेशीच संपवतो. संपलेल्या पेशींचा संदेश मोकळा करून उपयोग नाही. विषाणू थांबवणं पहिलं, ते एआरटी करते. शिवाय रोफेकॉक्सिब हे याच जातीचं औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये बाजारातून मागे घेतलं गेलं. आणि सरकारी एआरटी केंद्रांवर सध्या पहिल्या फळीत मिळणाऱ्या टीएलडी गोळीत टेनोफोव्हिर असतं. टेनोफोव्हिर मूत्रपिंडावर ताण देतं, दुखण्याच्या या गोळ्याही तिथला रक्तपुरवठा कमी करतात. दोन्ही एकत्र, त्यात उन्हाळ्यात शेतात राबून अंगातलं पाणी आटलेलं, तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मोजणारा रक्तातला आकडा, चढतं. टीएलडी चालू असलेल्या माणसाने गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने कॉक्स-२ ची पट्टी आणू नये. केंद्रावरच्या डॉक्टरांना विचारावं, आणि आणली असेलच तर क्रिएटिनिन तपासून घ्यावं.